गोळी शिऱ्यातून द्यायची : दिव्यांग भावाच्या-बहिणीच्या देखभालीत बाकीच्या भावंडांना कसं सामील करून घ्यावं

दादा गोळी पाण्याबरोबर घेत नाही. दिली तर गालात धरून ठेवतो आणि आपली पाठ वळली की खिडकीतून टाकतो. शिऱ्याच्या नाहीतर केळ्याच्या घासात घालून दिली तर मात्र निमूट गिळतो. आत गोळी आहे हे त्याला चांगलं ठाऊक असतं, पण ती तशीच हवी असते. ही गोष्ट कित्येक वर्षं जगात फक्त आईला माहीत होती. मग एक दिवस आई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती दवाखान्यात असताना आम्ही दोघं भावंडं दादाला अगदी घड्याळ लावून, पाण्याबरोबर गोळ्या देत राहिलो. तिसऱ्या रात्री त्याला आकडी आली. चौथ्या दिवशी खिडकीखालच्या तुळशीच्या कुंडीत गोळ्या सापडल्या.

दादा आता ५१ वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून बौद्धिक दिव्यांगता आहे, सोबत आकडीचा त्रास. मी त्याच्या पाठची, ठाण्यात असते. आमचा धाकटा कॅनडात. आई डोंबिवलीत दादाबरोबर, बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आईच्या त्या पडण्यानंतर आम्ही जे शिकलो, आणि नंतर दादा जातो त्या विशेष शाळेतल्या इतर घरांकडून जे ऐकलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. घरात एक मूल दिव्यांग आहे, ते मोठं झालंय, आईबाबा साठी-सत्तरीला आलेत आणि 'आमच्यानंतर याचं कसं?' हा प्रश्न रात्री झोपू देत नाही, अशा घरांसाठी हे आहे. मी जास्त करून आईवडिलांशीच बोलणार आहे. भावंडं बाहेर उभी असतात हे खरं, पण कडी बहुतेक घरांत आतून लावलेली असते.

पायरी १ : विचारा, गृहीत धरू नका

आपल्याकडे हा विषय दोनच वेळा निघतो. कुणीतरी आयसीयूत असताना, नाहीतर कुणाचं तरी लग्न ठरताना. दोन्ही वेळा मिळणारं उत्तर खरं नसतं. पहिल्या वेळी कुणी 'नाही' म्हणू शकत नाही, दुसऱ्या वेळी कुणाला विषयच नको असतो.

मी बारा वर्षांची असताना आजीने मला सांगितलं होतं, "तुझ्या आईबाबांनंतर तूच हो त्याला." मी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेला संमती समजून आमच्या घराने पुढची तीस वर्षं काढली. मला कुणी परत विचारलं नाही, आणि धाकट्याला तर पहिल्यांदाही विचारलं नाही. तो पुढे म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही सगळं ठरवून टाकलंय, माझी गरज नाही." तो कॅनडाला गेला तेव्हा आम्ही नातेवाइकांत म्हणत होतो की त्याने अंग काढून घेतलं.

तर एखादा साधा रविवार बघा. दिवाळी नको, श्राद्ध नको. मुलगा-मुलगी आणि त्यांचे जोडीदार, सगळ्यांना बसवा. सून आणि जावई यांना वगळून केलेलं कुठलंही ठरवणं पहिल्याच आजारपणात कोसळतं, कारण प्रत्यक्षात डबा आणि अंघोळीचं पाणी बहुतेक वेळा त्यांच्याच हातून जाणार असतं. तीन गोष्टी विचारा : तुला काय जमेल, काय अजिबात जमणार नाही, आणि तुला भीती कशाची वाटते.

तिसऱ्या प्रश्नावर थांबायची तयारी ठेवा. तिथे वर्षानुवर्षं साठलेलं बाहेर येतं. "माझ्या स्नेहसंमेलनाला तुम्ही कधीच आला नाहीत." हे ऐकताना स्वतःची बाजू मांडू नका. तुमची बाजू त्यांना माहीत आहे, ती त्याच घरात वाढलीत. फक्त ऐका. आणखी एक भीती असते जी कुणी मोठ्याने बोलत नाही : माझ्या मुलालाही असं झालं तर? याचं उत्तर कारणावर अवलंबून असतं. डाऊन सिंड्रोमचा बहुसंख्य प्रकार वंशपरंपरेने येत नाही. 'फ्रॅजाइल एक्स' हा जनुकातल्या दोषामुळे होणारा बौद्धिक दिव्यांगतेचा प्रकार मात्र घराण्यातून पुढे जाऊ शकतो. बाळंतपणात गुदमरल्यामुळे झालेल्या सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम होण्याचा) पुढच्या पिढीशी काही संबंध नसतो. आनुवंशिकतेचा सल्ला देणारे डॉक्टर मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत भेटतात. लग्नाच्या वयातल्या भावंडाला तिथे घेऊन जा. अर्ध्या तासाच्या बोलण्याने दहा वर्षांचा घोर जातो, कधीकधी आधीच्या फाइली काढून बघितल्यामुळे दिव्यांगतेचं नेमकं कारणही पहिल्यांदा कळतं.

'नाही' आलं तर ते ऐकून घ्या. "मला त्याला अंघोळ घालणं जमणार नाही" म्हणणारा भाऊ बँकेचं सगळं काम आयुष्यभर करू शकतो. पण पहिल्या नकारावरच "बघितलंस, रक्ताचं नातं!" झालं की तो भाऊ गेला.

आणि ज्याच्यासाठी हे चाललंय, त्याला विचारायचं राहून जातं. आम्ही दादाला विचारलं, "तुला कुणाकडे राहायला आवडेल?" तो म्हणाला, "घरी." हे अपेक्षितच होतं. मग प्रश्न बदलला : "आई गावाला गेली तर घरी कोण हवं?" त्याने आम्हा दोघांपैकी कुणाचंच नाव घेतलं नाही. शेजारच्या काकूंचं घेतलं. जरा लागलं मनाला, पण त्यातून फार उपयोगाची माहिती मिळाली. आज काकूंकडे घराची किल्ली आहे. अंध किंवा अस्थिव्यंग असलेल्या भावंडाच्या बाबतीत तर हे आणखी स्पष्ट असायला हवं. तिथे निर्णय त्यांचे, आपण विचारतो ती मदत. चारचौघांत त्यांच्या डोक्यावरून "याला चहा चालेल का?" असं दुसऱ्यालाच विचारणाऱ्या नातेवाइकांत आपली गणना होऊ देऊ नका.

पायरी २ : आईच्या डोक्यातलं वहीत उतरवा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. दोनशे पानी साधी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, मोबाइल ज्याचा असतो त्याच्याबरोबर तो दवाखान्यात जातो.

लिहायचं भावंडाने, सांगायचं आईने. उलट केलं तर फसतं, कारण आईला स्वतःला माहीत नसतं की तिला काय काय माहीत आहे. आमच्या आईने पहिल्यांदा स्वतः लिहिलं तेव्हा अर्धं पान झालं : सकाळी सातला उठतो, चहा, नाष्टा, गोळ्या, शाळा. मग मी दोन दिवस तिच्या मागे वही घेऊन फिरले आणि बावीस पानं झाली. ती चहा बशीत ओतून देत होती, मी विचारलं, का? "कपातला गरम लागला तर कप फेकतो." दुधाची पिशवी आधी त्याच्या हातात का देतेस? "ते त्याचं काम आहे. दुसऱ्या कुणी उचलली तर दिवसभर बिनसतं."

वहीत काय असावं याची यादी मी देते, पण तुमच्या घरची वेगळी निघेल.

औषधं : नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कशातून. प्रत्येक पाकिटाचा फोटो चिकटवा. कुठल्या औषधाची कधी ॲलर्जी आली होती तेही. आकडीच्या गोळ्या अचानक बंद झाल्या तर आकडी उलटून येते, म्हणून त्या पानावर लाल पेनाने लिहा आणि आठवड्याचा साठा कायम जास्तीचा ठेवा.

आकडी आल्यास : यावर वेगळं पान करून फ्रीजवरसुद्धा लावा. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवायची नाही. आमच्या चाळीतले लोक अजूनही चप्पल घेऊन धावत येतात. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८ ला फोन.

भाषा : ज्याला बोलता येत नाही किंवा थोडंच येतं, त्याचा शब्दकोश. दादा 'गाडी' म्हणतो तेव्हा त्याला संडासला जायचं असतं. का, ते आईलाही आठवत नाही. हे माहीत नसलेला माणूस त्याला खिडकीशी नेऊन गाड्या दाखवत बसेल.

दुखणं कसं ओळखायचं : दादा दाढ दुखली तर सांगत नाही, जेवणावरून चिडतो. कान दुखला तर डोकं भिंतीला टेकवतो. अशा माणसांचं दुखणं 'वागणं बिघडलं' या नावाखाली दिवसेंदिवस झाकलं जातं. तुमचं भावंड डाऊन सिंड्रोम असलेलं असेल तर थायरॉइड, ऐकू येणं आणि दृष्टी यांच्या तपासण्यांची तारीख वहीत लिहा. शिवाय त्यांच्यात विस्मरणाचा आजार इतरांपेक्षा फार लवकर, चाळिशी-पन्नाशीतही सुरू होऊ शकतो. आतापर्यंत येत असलेली गोष्ट, म्हणजे बटणं लावणं किंवा घरचा रस्ता, यायची थांबली तर 'हट्टीपणा करतोय' म्हणू नका, डॉक्टरांना दाखवा.

शरीर : अंघोळ, दाढी, नखं. बहीण असेल तर पाळीच्या तारखा, पॅड ती स्वतः बदलते का, त्या दिवसांत कशी वागते. हे पान लिहायला लाज वाटते, विशेषतः भावाला सांगायची वेळ आली तर. पण भाऊच एकटा उरणार असेल तर त्याला आत्ता कळलेलं बरं. अंगाला कुणी हात लावायचा, कुणी नाही, हे भावंडाला शिकवलंय का, आणि घरी कोण कोण एकटं येतं-जातं, हेही लिहा.

माणसं : शाळेच्या किंवा कार्यशाळेच्या बाई, नेहमीचा न्हावी, रिक्षावाले काका, केमिस्ट. न्हाव्याचं नाव मी वहीत हसत हसत लिहिलं होतं. आईच्या दवाखान्याच्या काळात दादाची दाढी बारा दिवस वाढली होती, कारण तो दुसऱ्या कुणाच्याही खुर्चीत बसला नाही.

वहीच्या दोन फोटोप्रती काढा. एक दुसऱ्या भावंडाकडे, एक शेजारी.

पायरी ३ : आईने घरातून बाहेर जायचं

भावंडाने येऊन 'मदत करणं' आणि भावंडाने एकट्याने सांभाळणं यांत फार अंतर आहे. आई घरात असेपर्यंत दादा आईकडेच बघतो, आणि आईही 'थांब, तुला जमणार नाही' म्हणून हातातलं काढून घेते. म्हणून तालीम करायची तर आईने उंबऱ्याबाहेर पडलं पाहिजे.

आधी चार तास. मग एक रात्र. मग शनिवार-रविवार. मग चार दिवस, ज्यात एक शाळेचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस असेल. आमच्या आईने पहिल्या रात्री मावशीकडून अकरा फोन केले. मी सातव्यानंतर उचलले नाहीत. दुसऱ्या वेळी आम्ही ठरवलं, रात्री नऊला एकच फोन, आणि तो मी करणार.

गोष्टी चुकतील. चुकू द्या, औषध सोडून. भाजी तिखट होईल, शर्ट उलटा घातला जाईल, झोपायला अकरा वाजतील. परत आल्यावर सुनेसमोर "असं नसतं करायचं" याने सुरुवात केलीत तर पुढच्या वेळी ती काहीतरी कारण सांगेल, आणि ते बरोबरच असेल. कधीकधी तर नव्या माणसाकडून नवंच कळतं. दादा वांगं खात नाही, हे आमच्या घरातलं चाळीस वर्षांचं वेदवाक्य. माझ्या नवऱ्याने केलेलं भरीत त्याने दोनदा मागून घेतलं. आईने ते अजून मनाला लावून घेतलंय.

नव्याने सुरुवात करणाऱ्या भावंडाला एक सूचना : आईची नक्कल करू नका. तुम्ही आई नाही आणि त्याला दुसरी आई नकोय. माझं आणि दादाचं एक वेगळं काम आहे. दर दुसऱ्या शनिवारी आम्ही लोकलने ठाण्याला येतो, तळ्यावर भेळ खातो. यात कसलीही 'थेरपी' नाही. पण तो माझ्याबरोबर घराबाहेर राहायला शिकला तो या भेळेमुळे.

पायरी ४ : वाटणी, पण समान नव्हे

तीन भावंडं म्हणजे तिघांत वर्षाचे चार-चार महिने, ही कल्पना कागदावर न्याय्य दिसते. ज्याला सवयीच्या जागेची गरज आहे त्याचे मात्र तिने हाल होतात. माणूस फिरवू नका, कामं वाटा.

लांब राहणाऱ्याकडे खूप कामं देता येतात. आमचा धाकटा कॅनडातून दादाच्या दिव्यांग ओळखपत्राचे, विम्याच्या नूतनीकरणाचे ऑनलाइन अर्ज बघतो, खर्चाचा हिशेब ठेवतो, सगळे वैद्यकीय रिपोर्ट स्कॅन करून तारखेनुसार लावतो. रविवारी सकाळी साडेनऊला त्याचा व्हिडिओ कॉल येतो. दादा त्याच्याशी बोलत नाही, फक्त शेजारी फोन ठेवून नाष्टा करतो. आणि वर्षातून एकदा तो तीन आठवडे येतो तेव्हा पाहुणा म्हणून येत नाही. त्या तीन आठवड्यांत दादा त्याच्या ताब्यात, मी आणि आई मोकळ्या. ही अट आम्ही भांडून मिळवली, पण आता त्यालाच ती आवडते.

पैसे पाठवणारा आणि हात लावणारा यांच्यात धुसफूस होतेच. पाठवणाऱ्याला वाटतं आपण इतके देतो, करणाऱ्याला वाटतं पैसे देऊन सुटला. यावर एकच उपाय आमच्याकडे चालला. दादाच्या खर्चाचं वेगळं खातं, त्यातला खर्च तिघांना दिसणारा, आणि त्यातून मदतनीस बाईंचा पगारही. म्हणजे धाकट्याच्या पैशांनी माझे मंगळवार-गुरुवार मोकळे झाले. बिनपगारी करणाऱ्या बहिणीला 'तू काय, जवळच राहतेस' म्हणणं बंद करा. जवळ राहणं हा गुन्हा नाही.

लग्न झालेल्या मुलीबद्दल दोन शब्द. "तिचं लग्न झालंय, तिच्यावर कशाला भार" म्हणत कागदावर मुलाचं नाव आणि प्रत्यक्षात दर रविवारी डबा घेऊन येणारी मुलगी, हे चित्र मी इतक्या घरांत पाहिलंय की आता मोजणं सोडलं. जी करते तिचं नाव कागदावर असू द्या. पुढची पायरी तीच आहे.

पायरी ५ : कागद

आधी दिव्यांग ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड. नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ते काढा, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक सोय त्यावर टांगलेली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं.

मग कायदेशीर पालकत्व, म्हणजे गार्डियनशिप. इथे अनेकांना धक्का बसतो. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत ते सज्ञान, आणि आईवडीलही त्याच्या वतीने आपोआप सही करू शकत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते, तीत नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही बसते. तिथे अर्ज करायचा, कोर्टात जावं लागत नाही. आईवडील स्वतः पालक होऊ शकतात किंवा पसंतीच्या माणसासाठी अर्ज करू शकतात. दोघंही नसतील तर भावंडं, सावत्र भावंडंसुद्धा, एकत्र किंवा एकट्याने अर्ज करू शकतात. एकट्याने केला तर इतर का नाहीत याचं कारण लिहावं लागतं.

नियमांतल्या दोन गोष्टी घरी चर्चा करतानाच माहीत असायला हव्यात. एक, पालक भारताचा नागरिक असावा लागतो. आमच्या धाकट्याने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं आणि तो यादीतून बाद झाला. हे आम्हाला नंतर कळलं. अमेरिकेत, कॅनडात मुलं असलेल्या घरांनी हे आधीच बघावं. दोन, दिव्यांग बहिणीचं पालकत्व एकट्या पुरुषाला मिळत नाही. भावाला ते पत्नीबरोबर मिळतं, आणि त्यात प्रमुख सह-पालक पत्नी असते. म्हणजे ज्या वहिनीला आपण पहिल्या बैठकीला चहा करायला आत पाठवतो, तिला कायदा पहिल्या खुर्चीत बसवतो.

पालक झाल्यावर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे ३० जूनपर्यंत, हिशेब. पालकाने दुर्लक्ष केलं किंवा पैसे खाल्ले तर त्याला काढताही येतं. हे भावंडांना घाबरवायला सांगत नाही. उलट हिशेब द्यायचा असतो म्हटल्यावर बाकीच्यांचा संशय कमी होतो.

मानसिक आजार, उदाहरणार्थ स्किझोफ्रेनिया, राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात येत नाही. त्यासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे. त्यात रुग्ण स्वतः आपला 'नामनिर्देशित प्रतिनिधी' लिहून ठेवू शकतो, भावाचं-बहिणीचं नाव देऊ शकतो. तो प्रतिनिधी उपचारांच्या बाबतीत मदत करतो, मालमत्तेच्या नाही. आणि इतर दिव्यांगत्वांत जिथे एखाद्या निर्णयापुरताच आधार लागतो तिथे २०१६ च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व आहे, ज्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचा असतो. गरज नसताना पूर्ण पालकत्वाच्या मागे लागू नका. ज्याला सही येते, पैसे कळतात, त्याची सही काढून घेणं ही मदत नव्हे.

पैशांचं थोडक्यात. वरच्या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' विमा योजना आहे, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आधी तपासणीची अट नाही, बाह्यरुग्ण उपचारही येतात. नूतनीकरणाची तारीख चुकवू नका. आई किंवा बाबा सरकारी नोकरीत असतील तर दिव्यांग अपत्याला, ते स्वतः पोटापुरतं कमवू शकत नसेल तर, आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी त्याचं नाव पेन्शनच्या कागदांवर आईबाबा हयात असताना लावून घ्या, मागाहून भावंडांची पायपीट होते. आयकरात आजवर ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट अवलंबून असलेल्या भावा-बहिणीसाठीही मिळते : ७५ हजार रुपये, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाख. पण जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. खर्च करणाऱ्या भावंडांपैकी निम्म्यांना हे माहीत नसतं, असा माझा अनुभव.

मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण करून घेतलेली बरी. "सगळं मोठ्याच्या नावावर करतो, तो बघेल धाकटीचं" असं लिहू नका. मोठा बघेलही, पण मोठ्याला काही झालं तर त्याच्या वारसांवर तुमच्या त्या विश्वासाचं काही बंधन नाही. उलट, सगळं दिव्यांग मुलाच्याच नावावर ठेवून पालक न नेमणं हेही अडकवतं. एका बँकेत दादाच्या नावची ठेव मोडायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या साहेबांनी दादाकडे न बघताच विचारलं, "यांना सही येते का?" पालकत्वाचं प्रमाणपत्र हाती येईपर्यंत ते पैसे तसेच पडून होते. मालमत्ता मोठी असेल तर खासगी न्यास करण्याबद्दल वकिलाला विचारा. आणि जमल्यास पैसे सांभाळणारा आणि माणूस सांभाळणारा हे दोन वेगळे ठेवा.

पायरी ६ : घराबाहेरची जागा बघून ठेवा

याबद्दल बोललं की 'टाकून देणार का?' हा प्रश्न येतो. बघून ठेवा एवढंच म्हणतेय. महाराष्ट्रात पालकांनीच एकत्र येऊन उभ्या केलेल्या निवासी जागा आहेत. बदलापूरचं 'आधार', डोंबिवलीजवळ खोणीचं 'घरकुल' या त्यातल्या मला जवळच्या. अशा ठिकाणी बहुतेक वेळा जागा लगेच मिळत नाही. म्हणून आईवडील हिंडते-फिरते असताना, भावंडांना बरोबर घेऊन, साध्या वारी जा. आधी न सांगता जाऊ देतात का ते विचारा. दुपारी दोन वाजता तिथली माणसं काय करतायत ते बघा; स्वागतकक्षापेक्षा संडास बघा. रात्री किती कर्मचारी असतात, भावंडांनी कधी भेटायचं, आजारी पडल्यास दवाखान्यात कोण थांबतं, हे विचारा. थोड्या दिवसांसाठी ठेवून घेत असतील तर तेही करून बघा. घरी ठेवणारी भावंडं चांगली आणि संस्थेत ठेवणारी वाईट, असं मला वाटत नाही. संस्थेत ठेवून दर रविवारी जाणारे मी पाहिलेत, आणि घरात ठेवून मागच्या खोलीचं दार लावून घेणारेही.

वर्षातून एकदा

आम्ही भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बसतो. धाकटा व्हिडिओवर. वही काढायची, बदललेलं खोडायचं, नवं लिहायचं. विमा, ओळखपत्र, हिशेब यांच्या तारखा बघायच्या. कुणाला यंदा काय जमणार नाही ते विचारायचं, कारण भावंडांचीही गुडघेदुखी, मुलांची दहावी, नोकऱ्या असतात. आणि एक प्रश्न नेहमीचा : मी उद्या नसले तर माझ्या वाटचं कोण करेल? यंदा माझ्या लेकीने हात वर केला. ती १९ वर्षांची आहे. मी तिला सांगितलं, तुझा हात वहीत लिहून ठेवणार नाही, पंचविशी झाल्यावर परत विचारेन.

दादा या बैठकीत असतो. त्याला तारखांशी घेणंदेणं नाही. यंदा त्याची सकाळची गोळी बदलली. नवी गोळी कडू नाही, आणि ती तो पाण्याबरोबर घेतो. मी 'शिऱ्यातून' खोडायला पेन उचललं, तर आई म्हणाली, "थांब, रात्रीची अजून तशीच आहे."